तपासणीच्या दिवशी घरी राहणारी पोरं

शाळेत मी पहिल्यांदा गेले ती भांडायला. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. रिटायर झाल्यावर सांगलीतली खोली सोडली आणि कवठे महांकाळच्या पलीकडं आमच्या गावात येऊन राहिले. घर जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून. दुपारी जरा पाठ टेकावी म्हटलं की भिंतीपलीकडून असा कालवा उठायचा, की त्यापेक्षा स्टँड बरा. एक दिवस माझं डोकं फिरलं आणि मी होते तशी उठून गेले. तिथं बघते तर पहिली ते चौथीची सगळी पोरं एकाच वर्गात, आणि गुरुजी एकटे. दुसरे गुरुजी तालुक्याला कसल्याशा मीटिंगला गेलेले, स्वयंपाकाची बाई आलेली नाही. मी तोंड उघडायच्या आत गुरुजी म्हणाले, "आक्का, बरं झालं आलात. पोरांकडं जरा बघा, मी खिचडी बघून येतो." आणि गेले की. भांडायचं राहूनच गेलं.

पोरं गप्प करणं मला काही अवघड नाही. बाजारच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत मी माणसं गप्प केलीत, आणि तीही प्यालेली. खिचडी होईपर्यंत वर्ग शांत होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःच हाक मारली, तिसऱ्या दिवशी मी हाक यायची वाटच बघत होते. कुणी विचारलं तर मी सांगायची, घरी बसून कंटाळा येतो म्हणून जाते. ते खरंही होतं. समाजसेवा वगैरे शब्द ऐकले की मला हसू येतं.

पोरं मला कंडक्टरबाई म्हणायला लागली. गुरुजींनी माझ्याकडं कच्ची पोरं दिली. शाळेत दोनच जाती, पक्की आणि कच्ची. वाचता येणारी पक्की, न येणारी कच्ची. पोरांच्या तोंडावर, भाज्या निवडाव्यात तसं सरळ बोलतात. कुणाला काही वाटत नाही, पोरांनासुद्धा. माझ्या वाट्याला चौघं आली. आम्ही व्हरांड्यात पोतं टाकून बसायचो.

मला शिकवायचं शास्त्र ठाऊक नव्हतं. बाराखडी घोकून घेऊन बघितली, पोरं घोकायची आणि विसरायची. मग म्हटलं, आपल्याला जे येतं तेच शिकवावं. मी पुठ्ठे कापून त्यावर गाडीच्या पाट्या लिहिल्या. पहिली पाटी जत. काना नाही, मात्रा नाही, दोन अक्षरांत गाडी सुटली. मग मिरज, विटा, कराड, सातारा. पाटी वाचता आली तरच गाडीत बसायचं, म्हणजे पोत्यावर. न वाचता बसला त्याला खाली उतरवायचं. एकानं तर मला विचारलं, बाई, आमाला अर्धं तिकीट व्हय? कवठे महांकाळची पाटी सगळ्यांत शेवटी काढली, कारण तिच्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळंच आहे. आपल्याच तालुक्याचं नाव वाचायला पोरांना निम्मं वर्ष लागलं.

त्या चौघांत एक चौथीतली मुलगी होती. बाप पिंजारी, गावोगाव फिरून गाद्या भरून द्यायचा, आई बेदाण्याच्या शेडवर कामाला. मुलगी अंगानं बारीक, पण कामाला वाघीण. शाळेतलं पाणी तीच भरायची, खिचडीची ताटं तीच मांडायची. पहिले तीन महिने तिनं माझ्याकडं मान वर करून बघितलं नाही. पुस्तक पुढं केलं की ती पाणी भरायला उठायची. मला राग यायचा. एकदा मी हंडा हिसकावून घेतला आणि म्हटलं, "पाणी मी भरते, तू वाच." ती घाबरून वाचायला बसली आणि मी खरंच पाणी भरून आणलं. परत आले तर ती पाटीवर बोट ठेवून स्वतःशीच "विटा, विटा" म्हणत होती. त्या दिवसापासून गाडी रुळाला लागली. माघ संपेपर्यंत ती दुसरीच्या पुस्तकातला धडा अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचायला लागली.

तिचा धाकटा भाऊ दुसरीत होता आणि तो पक्का. हे तिला फार लागायचं. तसं तिनं कधी बोलून दाखवलं नाही, पण भाऊ मोठ्यानं वाचायला लागला की ती उठून जायची. तपासणीच्या दिवशी तर भाऊ शाळेत आणि ती घरी.

आता हे नीट सांगायला हवं. वर्षातून एकदोनदा तालुक्याहून साहेब शाळा तपासायला येतात. त्यांनी कुठल्याही पोराला उभं करावं आणि वाचायला लावावं अशी पद्धत. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी कच्च्या पोरांच्या घरी निरोप जातो, उद्या पोराला घरीच ठेवा. आईबाप काही बोलत नाहीत. द्राक्षांचे दिवस, शेडवर दोन हात जास्तीचे मिळतात. साहेब येतात, सगळी पक्की पोरं घडाघडा वाचतात, साहेब खूश होऊन जातात. दुसऱ्या दिवशी घरी राहिलेल्यांना पेढा मिळतो. आमच्याच शाळेत नाही, सगळीकडं असंच चालतं.

मला ते कळलं तेव्हा धक्काबिक्का काही बसला नाही. एसटीतही तेच. पुढं तपासणीचं पथक उभं असलं की समोरून येणारा ड्रायव्हर हातानं खूण करून जायचा आणि आम्ही आवरून सावरून बसायचो. तपासणी आली की माणूस झाकपाक करतोच. गुरुजीही वाईट माणूस नव्हते. मूळचे पाटणकडचे, बायकोपोरं तिकडं, इथं एका खोलीत राहून हातानं स्वयंपाक करायचे. मागच्या शाळेत एक मुलगा साहेबांसमोर अडखळला म्हणून भर मीटिंगमध्ये त्यांना उभं केलं होतं. सगळ्या तालुक्याच्या मास्तरांसमोर. हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

त्या वर्षी नुसती तपासणी नव्हती. आसपासच्या शाळांचे नंबर काढायचे होते. गुरुजींनी पदरचा रंग आणून भिंती रंगवल्या, मागं वांगी आणि कोथिंबीर लावली. पोरांच्या तोंडी दिवसभर नंबर, नंबर. गावातसुद्धा पारावर तेच. तेव्हा त्या मुलीनं पोत्यावर बसल्या बसल्या मला विचारलं, "बाई, सायेब आलं की मला वाचाया सांगशीला?"

"सांगीन की. का?"

"माझ्या भावानं ऐकलं पायजे."

मी मोठ्यानं हसले. म्हटलं, बरं, तू साहेबांसमोर वाचायचंस, ठरलं. मग ती रोज तयारी करायला लागली. धडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. पाणी भरायला जातानासुद्धा ओठ हलत असायचे. साहेबांसमोर उभं राहताना हात कुठं ठेवायचे, हेही तिनं मला विचारून घेतलं. मी गुरुजींच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "बघू की आक्का." हे 'बघू की' मला तेव्हाच कळायला हवं होतं.

तपासणीच्या दिवशी मी लवकर गेले. दारात रांगोळी, पोरांच्या डोक्याला तेल, गुरुजींच्या अंगात इस्त्रीचा शर्ट. नजर फिरवून गाडीत किती माणसं कमी आहेत ते सांगायची मला सवय. माझी चारही पोरं नव्हती. तिघांचं मी समजू शकत होते. मी गुरुजींना बाजूला घेतलं.

"ती कुठं आहे?"

ते माझ्याकडं न बघता बोलले. "आक्का, ती वाचते, मला ठाऊक आहे. पण साहेबांसमोर घाबरली तर? एक पोरगी अडखळली की सगळ्या शाळेवर येतं. पुढच्या वर्षी वाचेल की."

"पुढच्या वर्षी ती पाचवीला दुसऱ्या शाळेत जाणार आहे."

मी तशीच निघाले. पायात चपला होत्या का नाही तेही मला आठवत नाही, एवढा संताप झाला होता. साहेब यायला अजून वेळ होता, पोरीला हाताला धरून आणायची आणि पहिल्या रांगेत बसवायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

बेदाण्याचं शेड गावाबाहेर. आत बायका ओळीनं बसून बेदाण्याच्या काड्या काढत होत्या. ती आईशेजारी बसली होती, अंगात शाळेचाच ड्रेस. मला बघून आई उठली. तिच्या तोंडावर आनंद होता.

"आक्का, या या. काल गुर्जी आलते आमच्याकडं," ती म्हणाली. "घरात बसले, च्या प्याले. आमच्या घरला आजवर कुनी गुर्जी आला न्हवता बगा."

मी विचारलं, "काय म्हणाले?"

आईच्या आधी मुलगीच बोलली. "गुर्जी म्हनले, तू शानी हाईस, तुला कळंल. तू उद्या घरी राहिलीस तर शाळंला मदत हुईल."

दर वेळी निरोप यायचा, कुणातरी पोराच्या हाती. या वेळी गुरुजी स्वतः गेले होते. ती वाचायला लागली होती म्हणून तिला समजवायला जावं लागलं, एवढाच त्याचा अर्थ. पण त्या घरात ते पाहुणे येऊन गेल्यासारखं झालं होतं. आई शेजारणीला तेच सांगत होती, आणि शेजारीण मान डोलवत होती.

मी मुलीला म्हटलं, "ऊठ. आपलं ठरलंय. तू वाचायचंस."

तिनं मान हलवली. "न्हाई बाई. मी आले तर नंबर जाईल."

"कोण म्हणतं जाईल? तुला येतंय वाचायला. मी सांगते ना, चल."

ती हळू आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली, "पर तुमी शाळंच्या न्हाई नव्हं, बाई. गुर्जी शाळंचे हाईत."

खोटं काही नव्हतं त्यात. मस्टरवर माझं नाव नव्हतं, पगार नव्हता, मी भिंतीपलीकडून आलेली बाई. आई मधे पडली, "आवं आक्का, जाऊ द्या. शाळंचं काम हाय, करू द्या तिला." मुलगी पुन्हा काड्या काढायला लागली. मी परत फिरले. येताना मला गुरुजींचा राग आला, आईचा आला, आणि खरं सांगायचं तर त्या पोरीचाही आला. एवढं शिकवलं ते शेडवर बसायला का?

शाळेत पोचले तर साहेब आलेले होते. भिंती बघितल्या, वांगी बघितली, संडासाचं दार उघडून बघितलं. मग वर्गात बसून सगळ्या पोरांना एकच धडा वाचायला लावला. पक्की पोरं वाचत होती. एक चौथीतला पक्का मुलगा जोडाक्षराला अडला आणि तिथंच थांबला. साहेब म्हणाले, "असू दे, बस." तेवढ्यावर काही आभाळ कोसळलं नाही. तिच्या भावानं मात्र न थांबता वाचलं आणि साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

गुरुजींनी माझी ओळख करून दिली, "या आमच्या गावच्या. एसटीतून रिटायर झाल्या, रोज येऊन पोरांना शिकवतात." साहेबांना फार बरं वाटलं. माझा एक फोटो काढू या म्हणाले, पोरांबरोबर. मी म्हटलं, "साहेब, माझी पोरं आज वर्गात नाहीत."

"म्हणजे?"

"मी ज्यांना शिकवते ती चौघं. घरी ठेवलीत."

गुरुजींचा चेहरा उतरला. मी एवढा वेळ रागात होते, पण तो चेहरा बघून माझं पुढचं बोलणं आपोआप बंद झालं. साहेब हसले. म्हणाले, "हवामान बदललंय, पोरं आजारी पडतातच." मग घड्याळ बघून उठले, त्यांना अजून दुसऱ्या शाळेत जायचं होतं. गाडीत बसताना मी जवळ होते, तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "आक्का, साहेब व्हायच्या आधी मीही गुरुजीच होतो." आणि गुरुजींना मोठ्यानं सांगितलं, "आजवर बघितलेल्यांत तुमचीच शाळा पुढं आहे. नंबर तुमचाच धरा."

पोरांनी नुसता धिंगाणा घातला. गुरुजींनी पेढे वाटले. चार पेढे कागदात बांधून टेबलावर बाजूला ठेवले, दर वेळच्यासारखे. मी व्हरांड्यात बसून राहिले.

शाळा सुटायच्या वेळेला ती भावाला न्यायला आली. रोज तीच त्याला घरी न्यायची. दारातल्या रांगोळीवर पाय पडू नये म्हणून कडेनं आत आली आणि सरळ गुरुजींपुढं उभी राहिली.

"गुर्जी, आला का नंबर?"

"आला," गुरुजी म्हणाले. "साहेबांनी सांगितलं, आपलाच."

ती अशी हसली की तिचे सगळे दात मला पहिल्यांदा दिसले. भावाकडं वळून म्हणाली, "बगितलंस? मी न्हाई आले म्हनून आला." भाऊ पेढा खात होता, त्यानं नुसती मान हलवली. गुरुजींनी कागदातला पेढा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो निम्मा खाल्ला आणि निम्मा आईसाठी ओढणीच्या टोकाला बांधला. मी रागावून बसले होते ते कुणासाठी, हेच मला कळेना. जिच्यावर अन्याय झाला म्हणून मी सगळ्या गावातून तरातरा चालले होते, ती तर मोठं काम केल्याच्या तोऱ्यात उभी होती.

"सायबांनी कुठला धडा वाचाया लावला?" तिनं विचारलं.

टेबलावर पुस्तक तसंच उघडं होतं. भावानं धडा दाखवला. मुंग्यांवरचा होता, दोन पानांचा. आम्ही तो व्हरांड्यात कधी घेतला नव्हता. तिनं पुस्तक जवळ ओढलं, बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला पुटपुटली, मग आवाज वाढला. मधे दोनदा थांबली, अक्षरं सुटी करून बघितली आणि पुढं गेली. सकाळी तो पक्का मुलगा ज्या जोडाक्षराला अडला होता, तिथं तीही अडली. पण ती थांबली नाही, तोंडातल्या तोंडात दोनतीनदा म्हणून बघितलं आणि ओलांडून गेली. दप्तरं भरणारी पोरं जागच्या जागी उभी राहिली. भाऊही ऐकत होता. गुरुजी खुर्चीत होते ते उठून उभे राहिले आणि धडा संपेपर्यंत उभेच राहिले.

तिनं पुस्तक मिटून ठेवलं. "लय सोपा हाय की," ती म्हणाली.

गुरुजी म्हणाले, "पोरी, तू पाचवीला दुसऱ्या शाळेत जाशील. तिथंही साहेब येतील. तिथं कुणीही सांगितलं, घरी राहा, तर राहायचं नाही. कुणीही म्हणजे गुरुजींनी सांगितलं तरी. कळलं?"

तिनं गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. चेष्टा करतात का खरं बोलतात, ते ती ठरवत होती. मग भावाचा हात धरून, निघता निघता, तिनं अगदी खऱ्या काळजीनं विचारलं,

"मग त्या शाळंचा नंबर कसा यायचा, गुर्जी?"